मोटरहोम घ्यायचंय: शोरूमचं, बांधून घेतलेलं की वापरलेलं?

गेल्या दोन वर्षांत फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या पाच-सहा कुटुंबांनी मला हाच प्रश्न विचारलाय. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतोय, तयार घेऊ की व्हॅन घेऊन बांधून घेऊ? प्रत्येकाच्या हातात माहितीपत्रक असतं आणि घरात वाद चाललेला असतो तो पलंग आडवा की उभा यावर. मी आधी एवढंच विचारतो: जुलैत छप्पर गळायला लागलं तर गाडी कोण बघणार, आणि तो माणूस तुमच्या दारापासून किती तासांवर आहे? याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय झालाच.

आमची पहिली गाडी तयार घेतलेली होती, घाटावरच्या एका शहरातल्या डीलरकडून. जानेवारीत ताबा मिळाला. मिरग लागला, पाऊस धरून राहिला आणि सांजावच्या (२४ जूनचा सण) आदल्या दिवशी बायकोने वरचं कपाट उघडलं तर पांघरुणांना कुबट वास. कपाट रिकामं करून आत टॉर्च मारला. एसीसाठी छप्पर कापलं होतं, त्या कापाच्या एका कोपऱ्यातून चहाच्या रंगाचा ओघळ लॅमिनेटमागून खाली उतरला होता. बिजागरीचा स्क्रू बोटाने फिरवला तर अख्खा बाहेर आला, आट्यांत भिजलेल्या बिस्किटासारखा भुसा. गाडी साडेपाच महिन्यांची, वॉरंटी चालू.

डीलरने फोटो मागवले, मग व्हिडिओ मागवला, मग एसीच्या कंपनीशी बोला म्हणाला. एसीवाल्यांचं म्हणणं, यंत्र ठणठणीत आहे, काप सील करणं हे बॉडी बांधणाऱ्याचं काम. बॉडीवाला म्हणाला, गाडी आणून सोडा, बघतो. चोर्ला घाट चढून गाडी नेली. सात आठवडे ती त्यांच्या आवारात उघड्यावर उभी होती. चवथीच्या तोंडावर परत मिळाली तेव्हा कापाभोवती सिलिकॉनचा जाड थर होता आणि आतला फुगलेला प्लाय जसाच्या तसा. पुढच्या पावसात पाणी त्याच कोपऱ्यातून आलं.

ही टोलवाटोलवी होते याला कारण आहे. मोटरहोम ही तीन मालांची मोट असते. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिनाची वॉरंटी व्हॅनच्या कंपनीची, आतल्या घराची बांधणाऱ्याची, आणि फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, पंप यांची ज्याची त्याची. अमेरिकेत हा धंदा कितीतरी जुना आहे, तरी तिथेही चासी फोर्डची किंवा मर्सिडीजची, घर दुसऱ्याचं, उपकरणं तिसऱ्याची, आणि सदोष गाड्यांसाठीचे कायदे बऱ्याच राज्यांत राहण्याच्या भागाला लागूच होत नाहीत. आपल्याकडे चासीची अडचण सहसा येत नाही. बऱ्याच कॅम्पर व्हॅन, म्हणजे व्हॅनवर बांधलेली मोटरहोम, फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात, मिनीबस म्हणून त्याच गाड्या गोव्यात रोज धावतात, सुटे भाग मिळतात. अडतं ते चासीच्या वर बसवलेल्या घरापाशी.

पाणी आणि मीठ

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यात समुद्रावरचा खारा वारा. कोरड्या हवेच्या शहरात उत्तम दिसणारं काम इथे पहिल्याच हंगामात उघडं पडतं, म्हणून गुणवत्तेची तुलना मी इथूनच सुरू करतो.

शोरूमच्या गाड्यांचं फिनिशिंग डोळ्यांत भरतं. कडा सरळ, ड्रॉवर मऊ बंद होणारे, दिवे सुंदर. पण प्लाय कुठला, हे विचारलं की विक्रेता ‘वॉटरप्रूफ’ एवढंच सांगतो. उत्तर हवं ते आयएस (भारतीय मानक) ७१० हे, म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ हा साधा फर्निचरचा प्लाय, तो इथे टिकत नाही. छपरावरच्या कापांना, खिडक्यांना कोणतं सीलंट वापरलं तेही विचारा. पॉलियुरेथेनचं सीलंट पत्र्याला धरून राहतं आणि गाडीबरोबर थोडं हलतं. सिलिकॉन कालांतराने कडेला सुटतं, आणि एकदा ते लागलं की त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधे लोखंडी स्क्रू मारलेले असतील तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या संगतीने पत्रा स्क्रूभोवती पांढरा पडून कुजतो. हे बघायला टॉर्च आणि पाच मिनिटं पुरतात.

बांधून घेण्यात गोव्याची खरी जमेची बाजू आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. सत्तरी तालुक्यात भुईपालला बसच्या बॉडी बांधणारा कारखाना आहे. पत्रा, रिव्हेट, चौकट यांवर हात बसलेले कारागीर त्या पट्ट्यात सापडतात. आणि मालीम, शापोरा, कुटबण या जेटींवर ट्रॉलरची कामं करणारे फायबरवाले, वायरमन आहेत, ज्यांचं उभं आयुष्य पाणी आणि मीठ यांच्याशी झगडण्यात गेलंय. माझ्या मावसभावाने डिचोलीजवळच्या एका शेडमध्ये व्हॅन बांधून घेतली. तिथला मिस्त्री आधी ट्रॉलरवर काम करायचा. मी आमच्या गळतीची हकिगत सांगितली तेव्हा त्याने छपराच्या कापावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बाब, हांगा सिलिकोन उपकाराक पडना.” म्हणजे इथे सिलिकॉन कामाला येत नाही. वायरही त्याने कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची घातली, बोटीत घालतात ती. आमच्या गाडीतल्या साध्या तांब्याचे जोड दुसऱ्या वर्षी हिरवे पडले होते. त्याचे अजून लखलखीत आहेत.

या वाटेचे तोटेही तितकेच खरे आहेत. चार महिन्यांचं काम अकरा महिन्यांवर गेलं. वायरिंगचा नकाशा नाही, सगळं मिस्त्रीच्या डोक्यात. तो उद्या बोटीवर नोकरीला गेला तर फ्यूज कुठला कशाचा हे शोधायला दुसऱ्याला आठवडा लागेल. म्हणून भावाला मी प्रत्येक भिंत बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढायला लावले, शेजारी मोजपट्टी धरून. बांधून घेणाऱ्याने हे न चुकता करावं.

वापरलेल्या गाडीचा एक फायदा असा की तिचे दोष लपून राहिलेले नसतात, फक्त बघायची वेळ साधावी लागते. एप्रिलात जुनं मोटरहोम घेऊ नका. ऑगस्टमध्ये जा, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी. गादी उचला, तिच्याखालची फळी हाताने चाचपा. न्हाणीच्या दाराशी जमिनीवर टाच दाबा, दबली तर खालचा प्लाय गेलेला आहे. भिंतीवर बोटाचं पेर वाजवा, आवाज बदलला की तिथे थर सुटलेत. लाकडातली ओल मोजायचा छोटा मीटर ऑनलाइन मिळतो, तो सोबत न्या. आणि गाडीत ताज्या सेंटचा वास दरवळत असेल तर कोपरे दुप्पट निरखून बघा.

एसी रात्रभर चालतो, हे वाक्य

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीय, त्यामुळे आकडेच मांडतो. छपरावरचा साधारण एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना हजार ते बाराशे वॉट खातो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. इन्व्हर्टरमधली घट धरली तर एसी सलग दोन तासांच्या आसपास चालेल. थांबत-सुरू होत चालला तर थोडा अधिक. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर अर्ध्याहून जास्त उपसायची नाही, म्हणजे तेवढ्याच क्षमतेत एक तास. सोलर पॅनल पावसाळ्यात नावापुरतं. तेव्हा “रात्रभर” हा शब्द ऐकला की किती युनिटची बॅटरी, हे कोटेशनवर लिहून मागा. तिन्ही प्रकारांत ही गडबड आढळते, पण शोरूममध्ये ती बोलण्यात होते आणि कागदावर नसते, नंतर हात वर करायला सोपं.

गॅसचंही बघून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि डिटेक्टर खालच्या बाजूला. जुन्या दोन गाड्यांत मी तो छताला लावलेला पाहिलाय.

बाहेर उघडणारं किचन मोठ्या कौतुकाने दाखवतात. त्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात असू द्या की गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. किनाऱ्यावर ते वापरता येणार नाही.

कागद

इथे मात्र शोरूमची गाडी स्पष्ट पुढे आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस १२४ हे वाहनांचं मानक आहे. मान्यता घेऊन बांधलेल्या गाडीची नोंद वाहतूक खात्यात सरळ होते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-वाहतूक गाड्यांमधला वेगळा प्रकारच आहे. याउलट स्वतःच्या व्हॅनमध्ये बदल केलेत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. म्हणून बांधून घेणाऱ्यांनी काम सुरू करण्याआधी नकाशा घेऊन खात्यात जावं, परवानगीची भाषा समजून घ्यावी, आणि ती मिळवून देणाऱ्या बांधणाऱ्यालाच काम द्यावं. जुनी गाडी घेताना आरसीवर कॅम्पर व्हॅन लिहिलंय की मिनीबस, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मिनीबस लिहिलं असेल तर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारेल. आतल्या घराची किंमत विम्यात धरलीय का, तेही पॉलिसीवर बघा.

डीलरशी गाठ

तयार गाडी घ्यायची ठरली असेल तर ताब्याच्या दिवशी हार-पेढे-फोटो या गडबडीत पडू नका. एक दिवस आधी जा आणि डीलरच्या आवारात गाडीत रात्र काढा. प्रत्येक नळ, प्रत्येक स्विच, फ्रिज, पंप चालवा. त्याआधी वॉशिंग सेंटरवर नेऊन अर्धा तास छपरावर पाणी मारायला लावा, आत सगळी कपाटं उघडी ठेवून. पाण्याच्या टाक्या भरून गाडी वजनकाट्यावर घाला आणि आरसीवरच्या मर्यादेशी ताडून बघा. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, हे माहितीपत्रकात धरलेलं नसतं.

तक्रार करायची वेळ आली तर फोनवर बोलून सोडू नका. ईमेल करा, जॉब कार्डवर तारीख टाकून घ्या, गाडी किती दिवस उभी राहिली याचा हिशेब ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. डीलर पुण्याचा असो की बंगळुरूचा, उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचं दार तुम्हाला उघडं आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि आमच्या बाबतीत तिथे तक्रार नोंदवल्यावरच डीलरने प्लाय बदलून दिला.

एक गोष्ट पर्यटकांना गाडी भाड्याने द्यायच्या विचाराने घेणाऱ्यांसाठी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, पण तीन-चार गाड्यांचा ताफा उभा करणाऱ्याला हे संरक्षण नाही. त्याने सगळं करारातच बांधून घ्यावं.

मग कुणी काय घ्यावं? वर्षातून चार-पाचदा बाहेर पडणार असाल, कागदांची यातायात नको असेल आणि बांधणाऱ्याचं वर्कशॉप बेळगाव-कोल्हापूरच्या टप्प्यात असेल तर तयार गाडी घ्या. ते त्याहून लांब असेल तर कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही. पावसाळ्यातही फिरायचं आहे, शेडमध्ये दर आठवड्याला डोकावायला वेळ आहे, तर इथेच बांधून घ्या. आमची दुसरी गाडी आम्ही तशीच केली. जुनी गाडी फक्त ज्याला ओल ओळखता येते त्याने घ्यावी, आणि किमतीच्या वर निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवून.

तयार घ्या की बांधून घ्या, एक अट घालून बघा: शेवटचे दहा टक्के पैसे पहिला पाऊस झाल्यावर, गाडी आतून कोरडी पाहून. डिचोलीच्या मिस्त्रीने ही अट ऐकली आणि म्हणाला, चालेल, श्रावण झाल्यावर द्या. शोरूममध्ये हेच विचारलं तेव्हा मॅनेजरने कोटेशनचा कागद परत फायलीत ठेवला.