गुडघ्यांच्या फिजिओथेरपीसाठी ठाण्याच्या नौपाड्यातलं सेंटर, इथे फरक मोजून दाखवतात

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, त्यासाठी गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या ह्या सेंटरला जातोय. आधी जिथे जायचो तिथे दर वेळी फक्त "आता कसं वाटतंय?" विचारायचे, आणि आई समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून "बरंय" म्हणायची, की झालं, पुढच्या पॅकेजचे पैसे भरा.

इथे मॅडमनी पहिल्यांदाच विचारलं, काकू, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? आई म्हणाली टीएमटीच्या बसची पायरी चढायचीय आणि तलावपाळीला एक फेरी न थांबता मारायचीय. ते फाईलवर लिहून घेतलं. मग दुखणं ० ते १० मध्ये किती, ३० सेकंदात हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि 'ऑक्सफर्ड नी (knee) स्कोअर' म्हणजे गुडघ्याच्या त्रासाच्या ठरलेल्या प्रश्नावलीचे १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ४८, जास्त मार्क म्हणजे गुडघा चांगला. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट जमतो का असे साधेच प्रश्न, पण एक्सरेत ह्यातलं काही दिसत नाही ना. त्यात मांडी घालून बसण्याचं काहीच नाही, ते मॅडमनी खाली पेनाने वाढवलं, हे मला फार आवडलं.

मध्ये दुखणं ७ वरून ६ वर आलं, आम्ही खूश, तर मॅडम म्हणाल्या एवढ्याला मी सुधारणा म्हणणार नाही, साधारण २ आकडे किंवा ३० टक्के उतरलं तर पेशंटला खरा फरक पडला असं धरतात. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९८९ मध्ये हे मांडलं म्हणे, की नुसता आकडा हलून उपयोग नाही, पेशंटला तो बदल मोलाचा वाटला पाहिजे. 'सिद्ध झालेल्या' गोळ्यांचंही तेच, हजारो लोकांवर तपासलं तर अर्ध्या आकड्याचा फरकही सिद्ध होतो पण जिना चढणाऱ्याला तो कळत नाही. मग मॅडमनी मशीनचा शेक स्वतःहून बंद केला, बिल कमी झालं तरी, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम वाढवले. आता दुखणं ४ वर आहे, आई बस चढते, फेरीत अजून एकदा बाकावर बसावं लागतं आणि फाईलवर तेही तसंच लिहिलंय.

फॉर्म मराठीत छापायलाच हवा, सध्या वाचून दाखवतात. पहिला मजला आणि लिफ्ट नाही, गुडघ्याच्या पेशंटना हा खरंच त्रास आहे. संध्याकाळी पार्किंग मिळत नाही, दुपारची वेळ घ्या.