कूलिंग मॅट: नागपूरच्या उन्हाळ्यात दोन महिने वापरून

आमचा भोपू पग आहे, सात वर्षांचा. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग गार ठेवतात. आणि चपट्या नाकाच्या पगला धापही नीट टाकता येत नाही. मे जवळ आला की माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून यंदा एप्रिलमध्येच जेलची मॅट मागवली. साडेअकराशे रुपये, मधला आकार.

पाणी लागत नाही, वीज लागत नाही. कुत्रा बसला की त्याच्या अंगातली उष्णता जेल ओढून घेतं. पहिल्या सकाळी भोपू पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून तिच्यावर झोपला, तेव्हा फार बरं वाटलं. तासाभरानं उठला आणि शेजारच्या फरशीवर जाऊन पडला. हात लावून पाहिलं, तर तो पडला होता तेवढीच जागा कोमट. ती पुन्हा गार व्हायला बराच वेळ मोकळी ठेवावी लागते.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाली. आमची खोली गच्चीखालची. भर दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला आणि थोड्याच वेळात मॅटच तापली. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ३९ अंश असतं. खोली त्याच्या वर गेली की जेलही तितकंच तापतं, मग ते उष्णता ओढणार कसं? पाकिटावर मात्र ‘कडक उन्हाळ्यातही थंडावा’ असं छापलंय. हे चूक आहे, आणि त्यावर विसंबून कुणाचं जनावर जाऊ शकतं.

भोपूची जीभ गडद लाल झाली होती, लाळ चिकट. मी त्याला उचलून खाली नेलं. सासूबाईंनी काही न विचारता शहाबादी फरशीवर ओलं गोणपाट अंथरलं. नळाला टाकीचं कढत पाणी येत होतं, म्हणून त्यांनी रांजणातलं घेतलं, त्याच्या पोटाला, काखेत, पंजांना लावत राहिल्या आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. धाप जरा उतरल्यावर लगेच दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, आधी गार केलंत आणि मग आणलंत, हे बरं केलंत. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

आता मॅट खालच्या खोलीत, वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर असते. तिथे ती चांगलं काम करते आणि भोपू आपणहून तिच्यावर जातो. पुसायला सोपी, शिवण अजून पक्की. कूलर किंवा एसी असलेल्या घरासाठी पाचपैकी साडेतीन. बंद खोलीत, गच्चीवर किंवा गाडीत हिच्या भरवशावर कुत्र्याला पाच मिनिटंही सोडू नका. आणि घरात कुरतडणारं पिल्लू असेल तर घेऊच नका, फाटली तर जेल पोटात जाईल.