नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळची सात मजली इमारत: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पार्किंग अधिक सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एक लिफ्ट. जुलै ते एप्रिल, म्हणजे पाऊस, थंडी आणि ऊन तिन्ही पाहून झालं. टाइल्स, रंग, नळ ठीक आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही.

सगळ्यात चांगलं काम दक्षिणेच्या खिडक्यांचं. खिडकी चार फूट उंच, वर दोन फुटी छज्जा. नाशिक साधारण 20 अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य 46-47 अंशांपर्यंतच चढतो. छज्ज्याची सावली वरच्या दोन फुटांवर पडते, खालच्या निम्म्या खिडकीतून ऊन थेट गादीवर. थंडीत अंथरुणं कोरडी राहिली, त्या भिंतीला बुरशीही नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, ऊन आत येत नाही. पश्चिमेलाही तोच छज्जा दिलाय आणि तिथे तो कुचकामी, कारण चार वाजताचं तिरपं ऊन छज्ज्याखालून शिरतं. तिथे बांबूच्या काड्यांचा पडदा (चीक) बाहेरूनच लावा. आतला पडदा काच ओलांडून आलेली उष्णता फारशी परत पाठवू शकत नाही.

स्लायडिंग खिडकी पाच फुटी असली तरी उघडते अडीच फूट, आणि जाळी ओढली की वारा आणखी मंदावतो. हॉलला समोरासमोर खिडकी नाही. मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर बसवलं आणि जिन्याची खिडकी उघडी ठेवली तरच हवा खेळते.

डक्ट, म्हणजे बाथरूम-स्वयंपाकघरांची हवा जाण्यासाठी तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली उभी पोकळी, मात्र चुकलंय. पाऊस आत येऊ नये म्हणून गच्चीवर पत्रा ठोकून तोंड बंद केलंय, आणि एक्झॉस्ट फॅन सगळे त्यातच सोडलेत. दुसऱ्या मजल्यावरची फोडणी सहाव्या मजल्याच्या बाथरूममध्ये येते. पत्रा दीड फूट उचलून चारही बाजूंना लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडपं) द्यावेत, फॅनला झडप बसवावी. तळाशी उतरायला दारच ठेवलेलं नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, आणि डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. ते पाणी दर आठवड्याला काढता आलं पाहिजे.

जिना उत्तम. आत शिरल्यावर लिफ्टच्या आधी तो दिसतो, पायरी साडेसहा इंच उंच, पाऊल अकरा इंचांचं, लँडिंगवर भरपूर उजेड. तिसऱ्या मजल्यापर्यंतचे बरेच जण लिफ्टची वाट बघतच नाहीत. कठडा दोन्ही बाजूंना हवा होता. गुडघे दुखणाऱ्यांना उतरताना आधार लागतो.

गेटबाहेर मात्र चालण्याचे हाल. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) निकषाप्रमाणे फुटपाथवर निदान 1.8 मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. इथे उंची फूटभर, मध्येच विजेची डीपी, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ तोडलेला. चढ-उतार नको म्हणून आजी-आजोबा पार्किंगमध्येच फेऱ्या मारतात, गाड्यांच्या धुरात. गेटपाशी फुटपाथ सलग, एकाच पातळीत ठेवून गाडीला उतार करून द्यायला हवा होता. निदान आपल्या गेटपुरतं तरी हे काम या पावसाळ्याआधी व्हावं.