लाकडी कप्प्या: पहिल्यांदा फसल्या, दुसऱ्यांदा जमल्या

गोव्यात शापोऱ्याच्या खाडीत माझी 15 फुटी शिडाची होडी आहे. लाकडाच्या होडीला स्टीलच्या कप्प्या म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज (तेही हल्ली चालतात म्हणा). म्हणून एप्रिलात शिवोलीचा पूल ओलांडून पेडण्याच्या बाजूच्या एका मेस्तांकडे (म्हणजे सुतारांकडे) सहा कप्प्या करायला टाकल्या. नगाला 1,100 रुपये. वायदा पंधरा दिवसांचा, लागले चाळीस. मध्ये लग्नसराईचे पलंग घुसले.

बाहेरची कवचं सागाची, देखणी. कडा इतक्या गोल केल्यात की शीड कुठे अडकत नाही. दोर बसायची खाच गोल कानशीने घासून काढलेली, वर जवसाच्या तेलाचे तीन हात.

घोळ झाला आतल्या चाकांचा. तीही सागाच्या फळीतूनच कापलेली. मिरगाच्या पहिल्या सरी आल्या आणि दोन चाकं जाम. शीड अर्ध्यावर, ना वर ना खाली. घरी कॅलिपर लावून पाहिलं: एकीकडून 50 मिमी, दुसरीकडून जवळपास 51. लाकूड धाग्याच्या दिशेने फुगत नाही म्हटलं तरी चालेल, आडवं मात्र फुगतं. फळीतलं चाक लंबगोल होतं, वर जाडही होतं.

मेस्तांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातून मोडक्या पलंगाचा शिसवी खांब ओढला आणि काकडीसारख्या चकत्या पाडल्या. “शंभर वर्सां सुकलां तें, आतां कितें फुगतलें?” सुकलेलं लाकूडही दमटीत फुगतंच, पण चकतीत धागा आसाच्या दिशेने जातो. त्यामुळे ती चहूबाजूंनी साधारण सारखी फुगते आणि जाडी तशीच राहते. पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल या अभियंत्याने दोनशे वर्षांपूर्वी 45 यंत्रं लावून ब्रिटिश आरमारासाठी वर्षाला लाखावर कप्प्या काढल्या, त्यांची चाकंही लिग्नम व्हिटे या अतिकठीण लाकडाच्या ओंडक्याच्या चकत्यांचीच. मेस्तांना हे कुणी सांगितलेलं नाही. खांबाचा आकार पाहून सुचलं, एवढंच.

एक सावधगिरी: आस ते पितळेचा घालतात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिजतं आणि आस ठिसूळ होतो. गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) रॉड आपला आपण न्यावा. मी नेला, त्यांनी कुरकुर न करता बसवला. नव्या चाकांचे पैसे घेतले नाहीत.

सबंध पावसाळा कप्प्या ओट्यावर टांगून ठेवल्या होत्या. गणपतीत फिरवून पाहिल्या, सहाही बोटाने फिरल्या. आणखी चार सांगून आलोय. पलंगाचे तीन खांब अजून शिल्लक आहेत.