खाद्यातलं फायटेज की मुळांनी फॉस्फरस ओढणारं पीक?

धान्यातला साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या साठवणीच्या संयुगात अडकलेला असतो. कोंबड्या-डुकरांना तो फारसा पचत नाही. विष्ठेतून बाहेर पडतो, आणि वरून खाद्यात खनिज फॉस्फेट घालावं लागतं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. फायटेज हे विकर ही गाठ पोटातच सोडवतं. 1991 पासून ते बाजारात आहे. खरी परीक्षा मात्र कारखान्यात. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) पाडताना वाफेने तापमान 80 अंशांच्या आसपास जातं आणि साधं विकर तिथेच निकामी होतं. त्यातून वाचलं तर जठरातलं आम्ल आणि प्रथिनं तोडणारं पेप्सिन टपलेलेच. म्हणून ई. कोलाय या जिवाणूच्या फायटेजमधली मोजकी अमिनो आम्लं बदलून ते उष्णता सोसणारं केलं गेलं.

दुसरी वाट मुळांची: पिकानेच जमिनीतला फॉस्फरस जास्त ओढायचा. कासलथ या भाताच्या वाणातलं, 2012 मध्ये ओळखलेलं पीएसटीओएल-1 जनुक मुळांची सुरुवातीची वाढ जोमदार करतं. कमी फॉस्फरसच्या जमिनीत पीक तग धरतं. पण वाण यायला वर्षं जातात, आणि जमिनीत फॉस्फरसच नसेल तर मुळं तरी कुठून आणणार?

(कमी फायटेटचं धान्यही आहे, पण त्यात उगवण आणि उतारा बरेचदा मार खातात.)

खाद्याचाच प्रश्न असेल तर मी विकर घेईन: मात्रा चुकली तर पुढच्याच लॉटमध्ये बदलता येते.