इलन की नॉर्थम्ब्रियन? काखेत भाता बांधायच्या आधी

आयर्लंडचा इलन बॅगपाइप घ्यावा की उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडचा नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप, यावर मी स्वतः जवळजवळ वर्षभर अडकलो होतो, म्हणून जे आत्ता तिथेच अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. लष्कराच्या बँडमधला, तोंडाने फुंकायचा पाइप इथे विषय नाही. हे दोन्ही भात्यावरचे, उजव्या कोपराने भाता मारायचा, डाव्या काखेत पिशवी दाबायची आणि फुंकायचं काहीच नाही. डब्लिनला नोकरीला होतो तेव्हा साडेतीन वर्षं इलन वाजवला, न्यूकॅसलला आल्यापासून सात वर्षं स्मॉलपाइप वाजवतोय. दोन्हीकडे विद्यार्थी म्हणूनच, त्यामुळे कारागिराच्या नजरेतून कुणाला वेगळं दिसलं तर ते बरोबर असू शकतं.

पहिले दोन-तीन महिने दोन्हीकडे सारखेच जातात. भाता आणि पिशवी यांचा मेळ बसेपर्यंत बोटांना काही अर्थ नसतो. पेटी वाजवलेल्यांना एक सांगतो, पेटीत आतला भाता स्प्रिंगवर दाब धरून ठेवतो, त्यामुळे बाहेरचा भाता थोडा मागेपुढे झाला तरी सूर हलत नाही. इथे ती स्प्रिंग म्हणजे तुमचा डावा दंड. भाता भरताना हवा थांबते तेवढ्या क्षणात दंडाने पिशवी थोडी जास्त दाबायची, भाता सुटला की सैल सोडायची, आणि हे श्वासासारखं नकळत व्हायला लागतं तेव्हाच खरं शिकणं सुरू होतं. मला चौथ्या महिन्यात जमलं, काहींना महिन्यात जमतं.

खरा फरक चँटरच्या, म्हणजे बोटांनी चाल वाजवायच्या नळीच्या, टोकाला आहे. स्मॉलपाइपच्या चँटरचं टोक बंद असतं आणि आतली नळी सरळ, म्हणून सगळी भोकं झाकली की वाद्य गप्प. एका वेळी एकच बोट उचलायचं, परत ठेवायचं, मग पुढचं. त्यामुळे सूर मोकळ्या शिजलेल्या भातासारखे सुटे सुटे येतात, एकाला दुसरा चिकटलेला नाही. इलनचा चँटर खाली उघडा आणि आत निमुळता असतो, तो गुडघ्यावर टेकवून बंद करायचा, पिशवीवर दाब वाढवायचा की वरच्या सप्तकात उडी. दोन सप्तकं मिळतात, आणि बोट हळू सरकवत उचललं की सूर खरोखर घसरत वर जातो. आपल्या कानाला ही मींड म्हणजे घरचीच गोष्ट. संथ आयरिश चाल इलनवर पहिल्यांदा समोर बसून ऐकली तेव्हा मला सनई आठवली होती, आणि ती ओढ आजही गेलेली नाही. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मला इलन आवडत नाही. आवाजाच्या बाबतीत मी इलनच्याच बाजूला आहे, निदान संथ चालींपुरता तरी.

स्मॉलपाइपमध्ये ही मींड जवळजवळ नाहीच. तिथली मजा वेगळी, ती तुटक सुरांच्या नक्षीत आहे. बिली पिग किंवा कॅथरिन टिकेल या स्मॉलपाइप वादकांना ऐका, मग मी काय म्हणतोय ते कळेल, आणि ऐकून मनात काहीच हललं नाही तर मात्र स्मॉलपाइप घेऊ नका, पुढचं सगळं वाचूनही घेऊ नका.

पट्टीचं सांगायला हवं. इलनचा कॉन्सर्ट सेट म्हणजे आपली पांढरी दोन, सरळ कुणाबरोबरही वाजवता येतो. जुन्या घडणीचे खालच्या पट्टीतले सेटही असतात, आवाजाला मऊ, पण ते एकट्याने वाजवायचे. स्मॉलपाइप बहुतेक वेळा पांढरी चारच्या किंचित वर असतो, ना पूर्ण पांढरी चार ना काळी तीन. म्हणजे पेटीबरोबर किंवा गिटारवाल्या मित्राबरोबर बसायचं तर पंचाईत. पांढरी पाच आणि पांढरी दोनचे स्मॉलपाइप बनवतात, पण सेकंडहँड बाजारात कमी दिसतात. मंडळींबरोबर वाजवणं हा ज्याचा मुख्य हेतू आहे त्याच्यासाठी इथेच निर्णय झाला असं समजा. आयरिश सेशन, म्हणजे जमून एकत्र वाजवायची बैठक, जगात कुठेही सापडतं. नॉर्थम्ब्रियन मंडळी मुख्यतः नॉर्थम्बरलंड आणि आसपास.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. इलनच्या चँटरची रीड.

रीड म्हणजे हवेने थरथरत सूर काढणारा भाग. ही दोन पात्यांची, एका बोरूपासून करतात, खाली धातूची नळी, आणि मधे तांब्याची बारीक पट्टी गुंडाळलेली, तिला ब्रायडल म्हणतात. ब्रायडल कडेने हलकेच दाबली की रीडचे ओठ उघडतात, चपट्या बाजूने दाबली की मिटतात. सांगायला एवढंच. पण ते दाबणं म्हणजे नखाने केस हलवण्याइतकं असतं, आणि त्यावर खालचा डी (म्हणजे पांढरी दोनचा सूर), वरचा ई आणि मागच्या भोकाचा डी हे तिघंही अवलंबून. एकाला सुधारलं की दुसरा रुसतो. हवा कोरडी झाली की ओठ आपोआप मिटतात, दमट झाली की उघडतात. भात्याच्या पाइपमध्ये तोंडाची वाफ जात नाही, म्हणून रीड नाजूक ठेवता येते आणि वर्षानुवर्षं टिकते, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण तोंडाची वाफ नाही म्हणजे रीड पूर्णपणे खोलीच्या हवेच्या हातात, हे मला फार उशिरा कळलं. डब्लिनची हवा तशी ओलसर, पण ऑक्टोबरमध्ये फ्लॅटचं हीटिंग चालू झालं की खोली पापडासारखी कोरडी. ऑफिसातून येऊन जेवून साडेनऊला चँटर हातात घ्यायचो, शेजाऱ्यांमुळे दहाला थांबायचं, त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं रीडला समजावण्यात जायची. मी घड्याळ लावून मोजलं नव्हतं, पण एका हिवाळ्यात मी एकही नवीन चाल पूर्ण शिकलो नाही हे मात्र पक्कं आठवतं.

एका मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला वाईला आलो तेव्हा चँटर, पिशवी, भाता असं सगळं केबिन बॅगेत घालून आणलं होतं. आजोबांची भजनाची पेटी त्या घरात अजून आहे, लहानपणी त्या पेटीचा भाता मीच मारायचो, त्यामुळे आजीला हे नवीन वाद्य दाखवायची फार इच्छा होती. संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले, मी पट्टे बांधले, पिशवी भरली आणि चँटरमधून फक्त एक बारीक चीं आली. रीड काढून उजेडाकडे धरली तर दोन पात्यांच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती, इतके ओठ मिटलेले. ब्रायडल थोडी दाबली, खालचा डी आला पण वरचं सप्तक गेलं. शेवटी चँटर ओल्या फडक्याबरोबर डब्यात घालून रात्रभर माठाशेजारी ठेवला. सकाळी सहाला दोन्ही सप्तकं स्वच्छ वाजली, मी आजीला एक संथ चाल ऐकवली, ती डोळे मिटून ऐकत होती, आणि दहाच्या सुमारास ऊन चढल्यावर परत चीं. आजी म्हणाली, "मग सकाळीच वाजवत जा रे, ऊन तापलं की ठेवून दे." तिने अगदी मनापासून सांगितलं होतं. परत डब्लिनला गेलो तर दाबलेल्या ब्रायडलमुळे रीड इतकी उघडली की मागचा डी दाब वाढवला की खाली बसायचा. रीड करून देणाऱ्याकडे दीड महिन्यांची वाट होती.

यावर इलनवाले मित्र म्हणतील की रीड स्वतः करायला शिक. बरोबर आहे, आणि मी शिकलो पण. बोरूची पट्टी आतून कोरायची, आकारात कापायची, दुमडून नळीवर दोऱ्याने बांधायची, मग ओठांकडे खरवडत खरवडत यायचं आणि एक फटका जास्त बसला की संपलं. अकरा रीड केल्या, त्यातल्या दोन वाजल्या. ज्याला हातकामाची हौस आहे त्याला हे दुसरं सुंदर वाद्य शिकल्यासारखंच आहे, मला वेळ नव्हता. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर ना पीबरी इलन ही 1968 पासूनची संस्था आहे, तिथे वाजवणं शिकवतात आणि रीड करणंही, आणि क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मलबे गावात 1973 पासून जुलैमध्ये विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. म्हणजे मदत भरपूर आहे. युनेस्कोने 2017 मध्ये इलन वादनाला वारसा यादीत घेतलं ते उगाच नाही. पाइपर व्हायला एकवीस वर्षं लागतात, सात शिकायची, सात सरावाची, सात वाजवायची, असं तिकडे म्हणतात. माझ्यापुरतं वाटतं की त्यातली दोन-चार रीडचीच असणार.

न्यूकॅसलला आल्यावर एका स्थानिक पाइपरने जुना सात चाव्यांचा (चँटरवरची जास्तीची भोकं उघडणाऱ्या पट्ट्या) स्मॉलपाइप सहा महिने वापरायला दिला. तेव्हाही नोव्हेंबर होता, हीटिंग चालू. वाद्याची केस उघडली, पट्टे बांधले आणि तो वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजला. मी अक्षरशः वाट बघत होतो की आता रीड रुसेल, तर ड्रोन, म्हणजे एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या, जुळवायला दोन मिनिटं, बस. पुढे स्वतःचा घेतला, आज सात वर्षं होत आली, चँटरची रीड एकदाही बदललेली नाही, हातही लावलेला नाही म्हटलं तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी जुलैत वाईला नेला, बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, सूर थोडा उतरला आणि ड्रोन परत जुळवावे लागले, पण वाजला आणि दुपारीही वाजला. माझ्या समजुतीने कारण असं की या रीडकडून आपण एकच सप्तक मागतो, दाब कमी आणि कायम एकसारखा, वरचे-खालचे जास्तीचे सूर चाव्यांवर मिळतात. इलनच्या रीडला दोन सप्तकं पेलायची असतात, तिच्यावर ओझंच जास्त.

स्मॉलपाइपला त्रास नाही असं नाही. त्याचा त्रास चाव्यांमध्ये आहे. टोक बंद असल्यामुळे एखाद्या चावीखालची चामड्याची गादी केसभर जरी उचललेली राहिली तरी चँटर कधी गप्पच होत नाही, मधेच चिरकतो, आणि सात चाव्यांपैकी नेमकी कुठली ते कळत नाही. यावर मला शिकवलेला उपाय सांगतो. पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाची अरुंद पट्टी गादीखाली घालायची, चावी मिटू द्यायची आणि पट्टी हळू ओढायची. धरून ठेवली तर गादी ठीक, सहज सुटली तर हवा तिथूनच जातेय, आणि पट्टी चारही बाजूंनी ओढून बघितली तर गादीची कुठली कड बसत नाही तेसुद्धा समजतं. नवी गादी चिकटवायला एक संध्याकाळ पुरते, मी आत्तापर्यंत तीन बदलल्या, कुणाची वाट बघावी लागली नाही. माझ्या दृष्टीने हाच फरक. चावी बिघडली तर कुठे बिघडली ते बोट ठेवून दाखवता येतं. रीड बिघडली तर ती बिघडलीय की फक्त हवा बदललीय हेच कळत नाही.

बाकी देखभाल सारखीच म्हणा. सांधे सैल झाले की मेण लावलेल्या दोऱ्याचे दोन वेढे वाढवायचे, पावसाळ्यात किंवा दमट दिवसांत ते काढायचे. पिशवीची भोकं बुचांनी बंद करून फुगवायची आणि दंडाखाली धरून बसायचं, थोड्या वेळात मऊ पडली तर शिवणीतून गळतेय. भात्याची आतली झडप कधीतरी उघडून बघायची, तिथे कपड्याचा धागा अडकला की भाता दम टाकतो आणि आपण उगाच हाताला दोष देतो. लाकडाला मी वर्षातून दोनदा, रीड काढून ठेवून, बदामाच्या तेलाचा पुसट हात देतो.

ड्रोनबद्दल थोडं. इलनचे तीन, तिन्ही एकाच सुराचे पण तीन सप्तकांत, एका खुंटीने एकदम बंद-चालू होतात. नवशिक्यासाठी चांगली सोय, शिवाय सुरुवातीचा प्रॅक्टिस सेट घेतला तर त्यात ड्रोन नसतातच. स्मॉलपाइपला बहुधा चार, त्यातले हवे ते बंद करून सा बदलता येतो. तानपुरा जुळवायची सवय असेल तर यात फार आनंद आहे, मला तर काही दिवस नुसते ड्रोन जुळवून ऐकत बसावंसं वाटतं. इलनचे रेग्युलेटर, म्हणजे मनगटाने वाजवायचे कॉर्ड, यापर्यंत मी पोचलोच नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. आवाज म्हणाल तर स्मॉलपाइप शेजारच्या खोलीपुरता, मुलगी झोपल्यावरही मी दार लोटून वाजवतो. इलनचा कॉन्सर्ट सेट त्यापेक्षा बराच मोठा.

मग कुणी काय घ्यावं? डब्लिन, गॉलवे किंवा जिथे रीड करणारा माणूस तासाभरावर आहे तिथे राहत असाल, मींडेशिवाय जमणारच नसेल, आठवड्याला चार-पाच तास हातात असतील, तर इलन घ्या, मी अडवणार नाही, उलट थोडा हेवाच वाटेल. पण पुण्यात, मुंबईत किंवा कोकणात बसून ऑनलाइन शिकायचा विचार असेल, जिथे मे आणि जुलै यांच्यात हवेचा एवढा फरक आणि रीड दुरुस्त करणारं कुणीच नाही, किंवा परदेशात असूनही दिवसाचा अर्धाच तास मिळत असेल, तर माझा कल स्मॉलपाइपकडे आहे. प्रत्येकाचं वाद्य आणि घर वेगळं असतं, माझ्या पहिल्या इलनची रीडच कदाचित मुळात बरी नसेल, हेही धरून चाला. चांगल्या कारागिराकडे नंबर लावला तर दोन्हीकडे वर्षं मोजायची तयारी ठेवा. त्यामुळे आधी मागून किंवा भाड्याने घ्या, ना पीबरी इलन आणि नॉर्थम्ब्रियन पाइपर्स सोसायटी दोघांकडेही विचारून बघायला हरकत नाही. न्यूकॅसलकडे येणं झालं तर ट्रेनने मॉरपेथला जाऊन चँट्री या जुन्या इमारतीतलं बॅगपाइप म्युझियम बघा, स्टेशनवरून चालत जाण्यासारखं आहे.

आणि सेकंडहँड सेट बघायला गेलात तर कुठलाही असो, मालकाला आधी विचारून ठेवा आणि दोनदा वाजवून बघा, एकदा सकाळी खिडकी उघडी ठेवून आणि एकदा हीटिंग तीन तास चालल्यावर. दुसऱ्या वेळी मालक स्वतः चँटरच्या टोपणाकडे (रीड त्याच्याच खाली असते) हात नेतो का, तेवढं बघा.