सेमी-हॉलो गिटार: एकाच मॉडेलचे दोन नग सारखे का नसतात

गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ ही सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा पोकळ बॉडीच्या मधोमध मेपल लाकडाचा ठोकळा घातला. फीडबॅक (अँपच्या आवाजाने बॉडी थरथरून येणारा कर्कश आवाज) आवरला, ब्रिजला, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या भागाला, भक्कम आधार मिळाला. स्वस्त सेमी-हॉलोची बांधणी फसते ती बहुतेक याच ठोकळ्यापाशी. तो बॉडीच्या वरच्या-खालच्या प्लायवूडला नीट चिकटला नसेल, तर ठरावीक सुरांवर आतून घरघर येते. बोटाच्या पेराने मधल्या पट्ट्यावर ठोकत जा. आवाज भरीव हवा. मध्येच पोकळ लागला तर नग परत करा, फिनिश कितीही देखणं असो.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, हवा सुकी. फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) आकसतो आणि त्यातल्या फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं हाताला टोचू लागतात. लगेच कानस लावू नका. केसमधली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर ठेवून दोन-तीन आठवडे थांबा, मग उरतील तीच टोकं घासा. ट्रस रॉडही (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) त्यानंतरच फिरवा, एका वेळी पाव फेराच.

वायरिंग हा खरा डोकेदुखीचा भाग. मागे झाकण नसतं. जॅकची (केबल खोचायच्या भोकाची) नट ढिली झाली की जॅक फिरतो, आतली वायर तुटते आणि सगळं एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, बाहेर काढावं लागतं. पॉट (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) काढण्याआधी त्याच्या दांड्याला दोरा बांधा. परत भोकात ओढून घ्यायला तोच उपयोगी पडतो.

पूर्ण हॉलो (ठोकळा नसलेली) घेत असाल आणि ब्रिज स्क्रूने न बसवता नुसता टेकलेला असेल, तर तारा एकेक करूनच बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज सरकतो, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं) नव्याने लावावं लागतं.